‘पानिपत’ कादंबरीचे वाचन आणि वाचकाचा भावानुभव

प्रास्ताविक

एखाद्या गावाचे नाव क्रियापदाला जोडले जावे आणि त्यातून संपूर्ण विनाशाचा अर्थ निघावा, असे भाग्य, किंबहुना दुर्भाग्य, मराठीत पानिपताच्या वाट्याला आले आहे. परीक्षेत, निवडणुकीत वा व्यापारात कोणाचे ‘पानिपत झाले’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला अधिक खुलासा लागत नाही. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, या एका दिवसात घडलेली ही लढाई मराठी भाषेने अडीचशेहून अधिक वर्षे आपल्या रोजच्या व्यवहारात जपून ठेवली आहे. विश्वास हा शब्द निघाला की तो पानिपतातच गेला असे हसत सांगण्याची रीतही त्याच आठवणीचा एक अंश होय.

अशा विषयावर विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकांनी ती उचलून धरली. पुढे याच विषयावरील त्यांचे ‘रणांगण’ हे नाटकही रंगभूमीवर आले. ही कादंबरी युद्धकालीन आहे, ऐतिहासिक आहे आणि तिच्या बऱ्याच मोठ्या भागात ती साहसकथाही आहे. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, अनोळखी मुलुखात, नद्या ओलांडत आणि किल्ले घेत जाणाऱ्या सैन्याची ती कथा आहे. तिचे वाङ्मयीन मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अशा कादंबरीच्या वाचनाने वाचकाच्या मनात नेमके काय घडते, आणि जे घडते त्याचा त्याच्या इतिहासविषयक धारणेशी कोणता संबंध पोहोचतो, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

ठाऊक असलेल्या शेवटाची हुरहूर

साहसकथेचा सर्वसाधारण वाचक ‘पुढे काय होणार’ या उत्कंठेवर चालतो. पानिपताच्या वाचकाला मात्र पुढे काय होणार हे पहिल्या पानाआधीच ठाऊक असते. विश्वासराव पडणार, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे होणार, फौज उधळणार. असे असूनही त्याचा श्वास रोखला जातो. हे का घडते?

या कोड्याकडे पाश्चात्त्य अभ्यासकांनी गंभीरपणे पाहिले आहे. जी व्यक्ती अस्तित्वातच नाही तिच्या दुःखाने आपण का हेलावतो, असा प्रश्न तत्त्वज्ञ कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ मध्ये अॅना कॅरेनिनाच्या निमित्ताने उपस्थित केला. १९७८ मध्ये केंडल वॉल्टन यांनी त्यावर असे सुचविले की कथावाचन हा एक प्रकारचा कल्पनेचा खेळ असून त्यातील भीती ही त्या खेळातली भीती असते. आपल्या विषयाला अधिक जवळचे काम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांचे आहे. सर्वांना ठाऊक असलेली ऐतिहासिक घटना उत्कंठा निर्माण होईल अशा रीतीने सांगितली, तर ती वाचल्यानंतर त्या घटनेविषयीचे साधे विधान खरे की खोटे हे ठरविण्यास वाचकांना अधिक वेळ लागतो, असे त्यांनी १९८९ मध्ये प्रयोगांनी दाखविले. म्हणजे शेवट ठाऊक असतो, पण वाचनाच्या त्या घडीला ते ज्ञान काहीसे बाजूला पडलेले असते.

पानिपताच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडावे लागेल. वाचकाला शेवट ठाऊक असतो, वाट ठाऊक नसते. ती वाट तर ठायी ठायी फुटणाऱ्या फाट्यांची आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला निजामाचा पराभव होतो. मार्चमध्ये भाऊंची स्वारी उत्तरेकडे निघते. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती येते. यमुनेला पूर असल्यामुळे पलीकडचा अब्दाली आणि अलीकडचे मराठे एकमेकांना पाहतात, पण भिडू शकत नाहीत. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा पडतो आणि तेथे धान्य व द्रव्य सापडते. मग सैन्य कुरुक्षेत्राकडे वळते आणि मागे बागपताजवळ अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर येऊन बसतो. या प्रत्येक वळणावर ‘येथे जर तसे झाले असते तर’ हा विचार वाचकाच्या मनात उभा राहतो. हुरहूर वाढत जाते ती या ‘जर-तर’मुळे. निव्वळ साहसकथेत अनिश्चितता पुढे असते. येथे ती मागे असते, म्हणजे जे घडून गेले ते टळू शकले असते या जाणिवेत असते. आणि म्हणूनच कुंजपुऱ्याच्या विजयाचे वर्णन वाचताना आनंद आणि कालवाकालव एकाच वेळी होते.

कुंजपुऱ्याविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. घायाळ अवस्थेत त्यांनी शत्रूला दिलेले उत्तर महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही पाठ असते. त्यांचे शिर कापणारा कुत्बशाह कुंजपुऱ्यात सापडला आणि मारला गेला. कथेच्या दृष्टीने हा सूड पूर्ण होण्याचा क्षण आहे आणि वाचकाला त्यात समाधान वाटते हे नाकारण्यात अर्थ नाही. साहसकथा वाचकाला जी सर्वांत जुनी भावना पुरविते ती हीच. मात्र कुंजपुऱ्यापाशी गुंतलेल्या दिवसांचा फायदा शत्रूने घेतला, हे वाचकाला लगेच पुढे कळते. सूडाचे समाधान आणि त्याची किंमत इतक्या जवळजवळ येतात की त्या समाधानात निर्धास्तपणे राहता येत नाही. (जाता जाता एक खुलासा. पानिपतावर संक्रांत कोसळली असे सर्रास बोलले जाते. त्या काळी मकरसंक्रमण जानेवारीच्या दहा तारखेच्या सुमारास होत असे. त्यामुळे संक्रांत होती ती दत्ताजी पडले त्या दिवशी, १७६१ च्या १४ जानेवारीस नव्हे. लोकस्मृतीने दोन आघात एकत्र केले आहेत, आणि भावनेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे.)

वीराकडून करुणाकडे

भारतीय रसविचाराच्या भाषेत सांगायचे तर पानिपताच्या कथेत उत्साह हा स्थायीभाव हळूहळू शोकाला जागा देतो. हे संक्रमण एका प्रसंगात होत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वीर आणि करुण हे वेगळे रस आहेत. येथे मात्र वीराच्याच पोटात करुण वाढतो. सैन्य जितके शूर दिसते तितके त्याचे भवितव्य अधिक असह्य होते.

दुःखाच्या वर्णनात आनंद कसा मिळतो, हा आपल्याकडील काव्यशास्त्राचा जुना प्रश्न आहे. भट्टनायकाने त्याला साधारणीकरणाच्या कल्पनेने उत्तर दिले. रंगभूमीवरचे दुःख कोणा एका व्यक्तीचे राहत नाही, तसेच ते प्रेक्षकाचे खाजगी दुःखही होत नाही. मराठीत याच प्रश्नाला नरसिंह चिंतामण केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वेगळे उत्तर दिले. वाचक पात्राशी तन्मय होतो, पण आपण कोण आहोत याचे भान पूर्णपणे सोडत नाही. या दुहेरी अवस्थेला त्यांनी ‘सविकल्प समाधी’ असे नाव दिले.

ही कल्पना ऐतिहासिक कादंबरीला फार चांगली लागू पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पानिपताचा वाचक भाऊंच्या छावणीत असतो आणि त्याच वेळी आपल्या घरी खुर्चीवरही असतो. छावणीतल्या वाचकाला आशा वाटते, खुर्चीवरच्या वाचकाला परिणाम ठाऊक असतो. या दोघांमधील अंतर जितके ताणले जाते तितकी व्यथा तीव्र होते. मात्र साधारणीकरण येथे पुरते घडत नाही, हेही नोंदविले पाहिजे. रामायणातील दुःख सर्वांचे आहे. पानिपताचे दुःख मराठी वाचकाला ‘आपले’ वाटते. गावोगाव ‘आमच्या घराण्यातला एक जण पानिपतावर गेला तो परत आला नाही’ असे सांगणारी कुटुंबे आहेत. तेव्हा वाचकाची समाधी येथे ‘सविकल्प’ राहते खरी, पण त्यातील विकल्प पुष्कळदा आपल्या कुळाच्या, गावाच्या आणि आडनावाच्या आठवणीने रंगलेला असतो.

तलवार नव्हे, धान्य

साहसकथेत नायकाची परीक्षा शस्त्राने होते. पानिपताच्या कथेतील सर्वांत खोल परिणाम करणारा भाग मात्र शस्त्रांचा नाही, अन्नाचा आहे. नोव्हेंबर १७६० च्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत दोन्ही सैन्ये पानिपतच्या परिसरात समोरासमोर बसून होती. सुमारे अडीच महिने. मराठी छावणीत लढवय्यांखेरीज बुणगे होते, व्यापारी होते, कुटुंबकबिले होते, उत्तरेतील तीर्थे घडावीत म्हणून सोबत आलेले यात्रेकरू होते. गोविंदपंत बुंदेल्यांनी अंतर्वेदीतून रसद पाठवावी आणि शत्रूची रसद तोडावी, ही योजना होती. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि तो मार्ग जवळजवळ बंद झाला. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. त्यानंतर छावणीत जनावरे मरू लागली, आणि मग माणसे.

या भागाचा परिणाम इतका तीव्र का होतो? पहिले कारण असे की भूक वाचकाला कल्पनेने निर्माण करावी लागत नाही. तोफ चालविण्याचा अनुभव कोणत्याही सामान्य वाचकाला नाही, पण उपाशी राहण्याचा थोडाफार अनुभव प्रत्येकाला असतो. १९८८ मध्ये ही कादंबरी हाती घेणाऱ्या पिढीने तर १९७२ चा दुष्काळ पाहिला होता. धान्याच्या रांगा, चाऱ्यावाचून विकलेली जनावरे, दुष्काळी कामांवरची खडी, हे सारे तिच्या स्मरणात ताजे होते. छावणीतील बैल आणि घोडे मरत असल्याचा उल्लेख मराठवाड्यातील वाचकाला शहरी वाचकाहून निराळा लागला असणार.

दुसरे कारण कागदपत्रांचे आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या मोहिमेतील पत्रव्यवहार आहे. गोविंदपंतांना भाऊंनी पुनःपुन्हा लिहिलेली पत्रे वाचली असता त्यांत शौर्याची भाषा थोडी आणि पैका व धान्य यांची मागणी फार, असे दिसते. राष्ट्राचे भवितव्य ठरविणारा सेनापती वसुलीच्या हिशेबात अडकून पडलेला आहे. कादंबरीकाराला येथे फारसे काही रचावे लागत नाही. मूळ साधनांतच ती घुसमट आहे. ऐतिहासिक कादंबरीतील भावना ही नेहमी लेखकाची भर असते असे आपण समजतो, परंतु पानिपतापुरते पाहिले तर सर्वांत हृदयद्रावक अंश दप्तरातून आलेला आहे.

लढाईच्या आदल्या रात्री सरदारांनी भाऊंपुढे गाऱ्हाणे मांडले ते असे की उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्यावे. येथे शौर्य आणि हतबलता यांतील भेद उरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच उपाशी सैन्य जिंकत होते, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली की वाचकाच्या मनातील गोंधळ स्पष्ट होतो. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली होती. भाऊंच्या हुजुरातीने शहावलीखान वजिराचे केंद्र मागे रेटले होते. मग अब्दालीने राखीव फौज आणि उंटांवरच्या जंबुरक तोफा पुढे आणल्या. विश्वासरावांना गोळी लागली. ते अवघे अठरा वर्षांचे होते.

दोष कोणाचा?

शोक झाला की त्याला कारण हवे असते आणि कारण शक्यतो एका माणसाच्या रूपात हवे असते. ‘पानिपत’ वाचलेल्या विद्यार्थ्यांशी बोलताना असे आढळते की ‘पराभव का झाला’ यापेक्षा ‘पराभव कोणामुळे झाला’ हाच प्रश्न ते प्रथम विचारतात. बखरींनी या प्रश्नाचे उत्तर भाऊंच्या हट्टात शोधले होते. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांचा गनिमी काव्याचा आणि बायकामुले मागे ठेवण्याचा सल्ला त्यांनी झिडकारला, अशी ती मांडणी होती. त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथाने (मराठी आवृत्ती १९६१) भाऊंच्या बाजूचा विचार अधिक न्याय्यपणे पुढे आणला. विश्वास पाटलांच्या कादंबरीने भाऊंना शोकनायकाच्या जागी बसविले. संशोधनग्रंथाचा वाचक थोडा, कादंबरीचा फार. त्यामुळे भाऊंविषयीचे सर्वसामान्य मराठी मत बदलण्याचे काम शेवटी कादंबरीने केले, असे म्हणावे लागते.

येथे एका संशोधनाची नोंद घेणे इष्ट ठरेल. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये असे दाखविले की जो वाचक कथेत अधिक ओढला जातो, त्याची मते कथेशी जुळणारी होतात आणि त्याला कथेतील खटकणाऱ्या जागा कमी दिसतात. ती कथा सत्य म्हणून दिली की कल्पित म्हणून दिली, याने फारसा फरक पडत नाही. (वाङ्मय वाचल्याने दुसऱ्याचे मन जाणण्याची शक्ती वाढते, असा २०१३ मधील एक गाजलेला दावा मात्र २०१६ मधील पुनःप्रयोगांत टिकला नाही. तेव्हा वाचनाच्या सुपरिणामांविषयी बोलताना हात राखून बोलावे हे बरे.) ग्रीन-ब्रॉक यांचे निरीक्षण ऐतिहासिक कादंबरीला लावले तर चिंता वाटावी असे आहे. जी कादंबरी जितकी हेलावून टाकते, तिच्यातला इतिहास वाचक तितका कमी तपासतो.

मल्हाररावांचे उदाहरण पाहावे. १७५७ मध्ये दिल्लीत हाती आलेला नजीबखान त्यांच्या मध्यस्थीने सुटला आणि लढाईच्या दिवशी ते रणांगणातून निघून गेले. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की वाचकाचा संताप होतो. कबिल्याला सुखरूप बाहेर काढण्याची सूचना भाऊंनीच त्यांना दिली होती, असेही एक मत आहे. पण शोकाच्या भरात असलेला वाचक ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतो. सूरजमलांचेही तसेच. मोहीम अर्ध्यावर सोडून ते निघून गेले हे लक्षात राहते; पराभवानंतर भुकेल्या, उघड्या, जखमी मराठ्यांना त्यांच्याच मुलुखात अन्नवस्त्र आणि आसरा मिळाला, हे तितके लक्षात राहत नाही. २०१९ मध्ये ‘पानिपत’ हा हिंदी चित्रपट आला तेव्हा सूरजमलांच्या चित्रणावरून राजस्थानात जाट समाजाने तीव्र आक्षेप घेतला. एकाच लढाईचा शोक दोन प्रांतांत दोन तऱ्हांनी साठलेला आहे, याची ती खूण होती.

या संदर्भात इब्राहिमखान गारद्याचे महत्त्व प्रस्तुत लेखकास फार वाटते. अब्दालीच्या बाजूला येण्यास धर्माचे कारण पुरेसे होते, तरी तो आला नाही. तो शेवटपर्यंत भाऊंशी एकनिष्ठ राहिला, जखमी होऊन पकडला गेला आणि हाल होऊन मेला. पानिपताच्या कथेतून धार्मिक द्वेषाचा सोपा निष्कर्ष काढू पाहणाऱ्या वाचकाला हे एक पात्र अडवून धरते. त्याच्या मृत्यूने डोळ्यांत पाणी येणारा वाचक नंतर युद्धाची वाटणी धर्माच्या रेषेवर सहजपणे करू शकत नाही. दुसऱ्या बाजूने, शिया असलेला सुजाउद्दौला अब्दालीकडे गेला तो बऱ्याच ओढाताणीनंतर. त्याच्याच पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहिलेला फारसी वृत्तांत हे या लढाईचे एक प्रमुख साधन आहे. लढाईच्या दुसऱ्या दिवशी चाळीस हजार कैद्यांची कत्तल झाल्याचा आकडा त्यातच येतो. शत्रूच्या छावणीतील एका दक्षिणी ब्राह्मणाच्या लेखणीतून आपला शोक आपल्यापर्यंत पोहोचावा, यातही इतिहासाची गुंतागुंत दिसते.

न संपलेला शोक

पराभवाची बातमी दक्षिणेत आली ती सावकारी सांकेतिक भाषेत. मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा आशयाची. मेलेल्यांना नावे नव्हती. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून सावरले नाहीत आणि २३ जून १७६१ रोजी पुण्यात वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणांगणातून जिवंत परतल्या. पतीचे निधन त्यांनी मान्य केले नाही आणि १७६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या, असे सांगितले जाते. भाऊंच्या मृत्यूविषयीची लोकांची शंका इतकी बळकट होती की पुढे एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे हजारो माणसे जमली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन द्यावे लागले. ‘सविकल्प समाधी’चा विचार मांडणाऱ्या न. चिं. केळकरांनीच या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. तोतयाच्या मागे गेलेले लोक समाधीत होते. त्यांच्यापाशी विकल्प उरला नव्हता.

हरियाणातील रोड समाजातील अनेक जण आज स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात, आणि १४ जानेवारीला पानिपतजवळील काला आंब येथील स्मारकापाशी महाराष्ट्रातून गेलेली माणसे व हे लोक एकत्र जमतात. मराठी कादंबरीच्या वाचकांतील कित्येकांनी पुस्तक मिटल्यावर या जागेचा प्रवास केला आहे. तेथे आंब्याचे झाड नाही, एक स्तंभ आहे आणि भोवती शेते आहेत.

मराठी वाचकाच्या बाबतीत वाचनाचा क्रमही उलटा लागला आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली आणि ‘पानिपत’ त्यानंतर सव्वीस वर्षांनी. म्हणजे सोळाव्या वर्षी गादीवर बसून ढासळलेले राज्य सावरणारे माधवराव मराठी घरांत आधी पोहोचले, आणि त्यांना सावरावी लागलेली ती पडझड कशी झाली हे वाचकांनी नंतर वाचले.